दहावं तोंडपाठ, बाराव्यात नापास

रमजान सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी माझ्या खालाचा मुलगा जेवायला आला होता. घर सोलापूरला, शिक्षण इकडे, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. दस्तरखान उचलेपर्यंत त्याने राज्याचं राजकारण मांडलं. जून २०२२ मध्ये शिवसेना कशी फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी कशी फुटली, पक्षांतराबद्दल राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात काय लिहिलंय, विधानसभा अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ ला काय निकाल दिला, सगळं तारखेनिशी. मग पाच टक्के आरक्षण. मग २८८ आमदारांत आपले फक्त दहा. मग २०२४ च्या लोकसभेत महाराष्ट्रातून एकही मुस्लिम खासदार नाही.

मी ऐकत होतो. एकही गोष्ट चुकीची नव्हती. टीव्हीवर रोज रात्री ओरडणाऱ्यांपेक्षा हा पोरगा कितीतरी जास्त वाचून आला होता.

मग मी विचारलं, "१५ जानेवारीला सोलापूरला गेला होतास ना, महापालिकेच्या मतदानाला? प्रभाग कितवा तुमचा?"

तो थांबला. "नंबर आठवत नाही भाई. बटणं दाबली. एक नाव ओळखीचं होतं. बाकीच्यांची चिन्हं मामूंनी सांगितली होती."

"निवडून आले त्यांना काय विचारायचं ठरवलंस?"

तो हसला. "अपने पूछने से क्या होता, भाई?"

हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे. आपण विचारून काय होणार, हे वाक्य आपल्या पोरांच्या तोंडात कुणी घातलं, त्याचा फायदा कुणाला होतो आणि ते तोंडातून कसं काढायचं, एवढंच मला मांडायचं आहे.

राग खरा आहे

आधी त्याच्या बाजूने बोलतो, कारण त्याचा राग हवेतला नाही. पाच टक्क्यांचंच घ्या. राज्य सरकारने २००८ मध्ये महमूदुर रहमान समिती नेमली. समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला आणि आरक्षणाची शिफारस केली. जुलै २०१४ मध्ये, विधानसभा निवडणूक दारात आल्यावर, काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारने वटहुकूम काढले: मराठा समाजाला १६ टक्के, मुस्लिमांमधल्या मागास गटांना ५ टक्के. नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने मराठा आरक्षण थांबवलं, मुस्लिमांचं नोकरीतलं आरक्षणही थांबवलं, पण शिक्षणातले पाच टक्के त्या टप्प्यावर वाचले. जे न्यायालयात वाचलं ते सरकारने मारलं. नव्या भाजप सरकारने त्या वटहुकमाचा कायदा केला नाही. तो आपोआप संपला आणि मार्च २०१५ मध्ये उरलेल्या कागदावरही काट मारली गेली. पुढे महाविकास आघाडी आली. फेब्रुवारी २०२० मध्ये मंत्र्यांनी पुन्हा पाच टक्क्यांची घोषणा केली. ती घोषणाच राहिली. म्हणजे एका बाजूने निवडणुकीपुरतं दिलं, दुसऱ्या बाजूने काढून घेतलं आणि पहिल्या बाजूने परत येऊन पुन्हा नुसतं बोलून दाखवलं.

त्याच काळात मराठा आरक्षणाचा कायदा २०१८ मध्ये झाला, ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये दहा टक्क्यांचा नवा कायदा आला. मराठा समाजाशी माझं भांडण नाही. त्यांच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा आणि आपल्या हातगाडीवाल्याचा मुलगा पुण्यात एकाच खोलीत कॉटबेसिसवर राहतात. पण एक मागणी पुन्हा पुन्हा मंत्रिमंडळाच्या टेबलावर येते आणि दुसरी एकदाच येऊन विझते, याचं कारण फक्त लोकसंख्या नाही. ग्रामपंचायत, सोसायटी, बाजार समिती, पंचायत समिती, जिल्हा परिषद अशा प्रत्येक पायरीवर ती मागणी धरून बसणारी माणसं असतात. मुंबईत आवाज ऐकू येतो तो खालून आलेला असतो. आपण मात्र थेट मुंबईकडे तोंड करून ओरडतो आणि आपल्या पायाखालची पायरी रिकामी असते.

मी ज्या धंद्यात आहे तिथे एखादी तक्रार आली की पहिला प्रश्न असतो, ही कुणाच्या नावावर लावायची? ज्या तक्रारीला धनी नाही ती यादीत पडून राहते. ती खोटी असते म्हणून नाही. ती पुढे ढकलणं हे कुणाचंच काम नसतं म्हणून. आपल्या मुलांची मतं अशीच बिनधन्याची पडून आहेत.

बारावं परिशिष्ट

माझ्या भावाला दहावं परिशिष्ट तोंडपाठ आहे. बारावं त्याने उघडलेलं नाही. मीही तिशी ओलांडेपर्यंत उघडलं नव्हतं, त्यामुळे त्याला हसायचा मला अधिकार नाही. कॉलेजात आम्ही सच्चर अहवालावर रात्र रात्र वाद घातले, पण आमच्या भागाचं अंदाजपत्रक कुठे मिळतं हे आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

बारावं परिशिष्ट ७४ व्या घटनादुरुस्तीने आलं. ती १ जून १९९३ पासून लागू आहे. त्यात शहरी स्थानिक संस्थांकडे द्यायचे १८ विषय आहेत. पाणीपुरवठा, रस्ते, कचरा आणि सार्वजनिक आरोग्य तर आहेतच. झोपडपट्टी सुधारणाही आहे. आणखी वाचा: दफनभूमी आहे, कत्तलखान्यांचं नियमन आहे, इमारतींच्या बांधकामाचं नियमन आहे.

आता तुमच्या मोहल्ल्यातल्या गेल्या दहा वर्षांतल्या भांडणांची यादी करा. कब्रस्तानला जागा मिळत नाही. बकरी ईदला तात्पुरत्या कुर्बानीच्या जागेचा परवाना अडतो. मटणाच्या दुकानाचा परवाना अडतो. एका ताईच्या घराला नोटीस येते. नळाला पाणी येत नाही आणि टँकरवाला सांगेल तो भाव द्यावा लागतो. यातली बहुतेक भांडणं मुंबईत मंत्रालयात सुरू होत नाहीत. ती तुमच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवरच्या कार्यालयात सुरू होतात, आणि मिटली तर बऱ्याचदा तिथेच मिटतात. सोलापूरचंच घ्या. उजनीचं पाणी शहराला रोज मिळत नाही हे साऱ्या राज्याला माहीत आहे. 'समांतर जलवाहिनी' हा शब्द तिथल्या शाळकरी पोरालाही येतो. त्याच शहरातल्या हुशार मुलाकडे अध्यक्षांच्या निकालावर अर्धा तासाचं मत असतं आणि पाण्यावर फक्त एक उसासा असतो.

शिकायची ठिकाणंच बंद

यात दोष पोरांचाच असता तर चार शब्द सुनावून विषय संपला असता. पण विचारायला शिकायची जी ठिकाणं होती त्यांना एकेक करून कुलूप लागलं.

पहिलं ठिकाण कॉलेज. महाराष्ट्रातल्या विद्यार्थी निवडणुका १९९० च्या दशकात हिंसाचाराचं कारण देऊन बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्या परत आणल्या, कागदावर. २०१९ मध्ये होणार म्हणून तयारी सुरू झाली, मग विधानसभा निवडणुकीचं निमित्त सांगून पुढे ढकलल्या गेल्या. पुढे ढकललेल्या त्या पुढेच राहिल्या. म्हणजे अठरा वर्षांचा मुलगा मुख्यमंत्री निवडायला लायक आहे, पण आपल्या मेसच्या जेवणाबद्दल प्राचार्यांना विचारणारा प्रतिनिधी निवडायला लायक नाही.

दुसरं ठिकाण महापालिका. घटनेचं कलम २४३-यू सांगतं की नगरपालिकेची मुदत पाच वर्षं, आणि मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे. पुणे, सोलापूर, मुंबई अशा मोठ्या शहरांत २१ फेब्रुवारी २०१७ ला मतदान झालं होतं. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली. त्यानंतरचं मतदान १५ जानेवारी २०२६ ला. औरंगाबादेत तर एप्रिल २०२० पासूनच प्रशासक होता. २०१७ च्या मतदानानंतर लगेच जो अठरा वर्षांचा झाला, त्याने आयुष्यात पहिल्यांदा नगरसेवकासाठी मत दिलं तेव्हा तो सव्वीस पूर्ण करून बसला होता. या मुलाला तुम्ही विचारता, प्रभाग कितवा?

या प्रशासकाच्या काळात काय होतं ते समजून घ्या. आयुक्त अंदाजपत्रक तयार करतो, स्थायी समितीचे अधिकार त्याच्याचकडे, मुख्य सभेचे अधिकारही त्याच्याचकडे. मांडणाराही तोच आणि मंजूर करणाराही तोच. पुणे महापालिकेचं अंदाजपत्रक २०२३-२४ मध्ये ९,५१५ कोटी होतं, २०२४-२५ मध्ये ११,६०१ कोटी, २०२५-२६ मध्ये १२,६१८ कोटी. या तीन वर्षांत मिळून ३३ हजार कोटींहून जास्त रकमेचे कागद एकाही निवडून आलेल्या माणसाने हात वर न करता मंजूर झाले. हिंदूंच्या वस्तीत आणि मुस्लिमांच्या वस्तीत फरक नाही, सगळ्यांचाच हक्क गेला. फरक एवढाच की ज्यांची आयुक्तांच्या दालनात ओळख होती त्यांना नगरसेवक नसल्याचं तितकं जाणवलं नाही. आपली ओळख नव्हती.

आणि हे कुठल्या कारणाने अडलं? ४ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक संस्थांमधलं ओबीसी आरक्षण अडवलं, कारण सरकारकडे आकडेवारी नव्हती. मग बांठिया आयोग, मग प्रभाग रचनेची भांडणं, मग तारखा. शेवटी ६ मे २०२५ ला न्यायालयाने निवडणुका घ्या असा आदेश दिला. ही चार-पाच वर्षं आपण हा 'त्यांचा' वाद म्हणून पाहत राहिलो. अरे दोस्तांनो, त्या ओबीसींत आपले बागवान, पिंजारी, मोमीन, आतार, मणियार, तांबोळी, शिकलगार नाहीत का? वाद आपल्या घरातला होता आणि आपण प्रेक्षकांत बसलो होतो.

प्रभाग रचनेचंही तसंच. पुण्यात २००२ ला एका प्रभागातून तीन नगरसेवक, २००७ ला एक, २०१२ ला दोन, २०१७ ला चार. २०२२ साठी तीनचं ठरवलं, मग ते मोडून पुन्हा चार. आता १६५ नगरसेवक आणि ४१ प्रभाग आहेत. २०११ च्या जनगणनेने काढलं तर एका प्रभागात सरासरी ८५ हजार माणसं. एक मोहल्ला एका नगरसेवकाला जाब विचारू शकतो. चौघं असले की रस्ता त्याचा, पाणी तिचं, कचरा तिसऱ्याचा, आणि चौथा फोन उचलत नाही. आपल्या मताचं वजन किती, हे ठरवणारं हे गणित दर निवडणुकीला बदलतं. पक्ष फुटीवर आपण रात्री जागवल्या. या गणितावर हरकती मागवल्या जातात, तेव्हा आपल्यातले किती जण कागद घेऊन गेले?

तिसरं कुलूप आपलंच

तिसऱ्या ठिकाणाबद्दल लिहिताना हात थोडा अडखळतो, पण ते टाळून पुढे गेलो तर वरचं सगळं ढोंग ठरेल. ते ठिकाण म्हणजे आपली जमात, आपला ट्रस्ट, आपली कमिटी.

कुरआनात शूरा नावाची सूरह आहे. मश्वरा हा आपल्याकडे दीनचा भाग आहे, असं आपण दर जलशात ऐकतो. मग सांगा, तुमच्या मशिदीच्या कमिटीची शेवटची निवडणूक कधी झाली? पंचविशीतला एक तरी माणूस त्या कमिटीवर आहे का? गेल्या वर्षीचा जमाखर्च कुठल्या फलकावर लागला होता? विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं: "बेटा, तू पढाई कर, ये बडों का काम है." निवडणूक आली की हेच 'बडे' उमेदवाराच्या गाडीत बसतात, हार घालून घेतात आणि मोहल्ल्याच्या वतीने शब्द देतात. पोरांना चिन्ह सांगितलं जातं. माझ्या भावाच्या मामूंनी सांगितलं तसंच.

महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमधल्या निम्म्या जागा २०११ पासून महिलांना राखीव आहेत. म्हणजे आपली आपा नगरसेविका होऊन शेकडो कोटींवर सही करू शकते. पण जिथे ती पन्नास वर्षं चंदा देत आली, त्या कमिटीत तिला बसायला जागा नाही. माझ्या ओळखीच्या एकाही कमिटीत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये वक्फ दुरुस्ती कायदा आला. त्याविरुद्ध आपण रस्त्यावर आलो, आणि बरोबर आलो. मीही गेलो होतो. पण मुतवल्लीने दरवर्षी वक्फ मंडळाला हिशेब द्यायचा, हे काही त्या दुरुस्तीने आणलेलं नाही. ते १९९५ च्या कायद्यातच होतं. जून २०२५ मध्ये उमीद पोर्टल सुरू झालं आणि कागद चढवायला सहा महिने मिळाले, तेव्हा कपाटं उघडली गेली. जिथे कागद जपून ठेवले होते तिथे काम झालं. जिथे वीस वर्षं कुणी विचारलंच नव्हतं तिथे धावपळ झाली. सरकारच्या नियतीवर शंका घ्यायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. पण ज्या कमिटीला पोरांनी कधी प्रश्न विचारला नाही, ती कमिटी सरकारसमोर उभी राहते तेव्हा तिच्या हातात कागद नसतो. घरातल्या प्रश्नाला बेअदबी म्हणणाऱ्यांनी आपल्याला बाहेरच्या प्रश्नासाठी मुकं करून ठेवलंय.

"गटारीवर बोलून बुलडोझर थांबतो का?"

हा प्रश्न माझ्या भावाने त्याच रात्री विचारला, आणि तो हलका प्रश्न नाही. त्याचं म्हणणं असं: एका स्टेटसवरून पोरांवर गुन्हे दाखल होतात, मोर्चे निघतात, दुकानं फुटतात, आणि तुम्ही म्हणता प्रभाग समितीला जा. हे म्हणजे घराला आग लागली असताना नळाची गळती मोजणं.

मी त्याला नागपूर आठवायला सांगितलं. १७ मार्च २०२५ ला तिथे दंगल झाली. २४ मार्चला मुख्य आरोपी म्हटल्या गेलेल्या माणसाच्या कुटुंबाचं घर पाडलं गेलं. पाडलं कुणी? पोलिसांनी नाही, मंत्रालयानेही नाही. नोटीस महापालिकेची, बुलडोझर महापालिकेचा. कारण कागदावर काय होतं? अनधिकृत बांधकाम, म्हणजे बाराव्या परिशिष्टातलाच एक विषय. उच्च न्यायालयाने त्याच दिवशी कारवाई थांबवली, पण ते घर तोवर पडलं होतं. घर पाडण्याआधी किमान पंधरा दिवसांची नोटीस द्या, बाजू ऐकून घ्या, हे सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ लाच सांगून ठेवलं होतं. पाच महिन्यांनी नागपूरच्या आयुक्तांनी उच्च न्यायालयात माफी मागताना काय सांगितलं? अधिकाऱ्यांना ते निर्देश माहीत नव्हते.

तेव्हा नागपूर महापालिकेत प्रशासक होता. सभागृह नव्हतं. नगरसेवक असते तर घर नक्की वाचलं असतं, असा दावा मी करत नाही. बहुमताच्या सभागृहानेही टाळ्या वाजवल्या असत्या कदाचित. पण चार महिने आधी, निकाल आल्या आल्या, एका नगरसेवकाने लेखी प्रश्न टाकला असता की या निर्देशांचं परिपत्रक काढलं का, तर 'माहीत नव्हतं' हे उत्तर आयुक्तांना देता आलं नसतं. नगरसेवक नव्हता तर तोच प्रश्न माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत विचारता आला असता. तुमच्या शहरात तो कुणी विचारलाय? माझ्या शहरात मी विचारला नव्हता.

गटाराची फाईल आणि बुलडोझरची फाईल एकाच इमारतीत फिरतात. जो त्या इमारतीत फक्त घर पडताना पोहोचतो त्याला तिथे कुणी ओळखत नाही. जो दर महिन्याला पाण्यासाठी, दिव्यासाठी, कचऱ्यासाठी जातो त्याला कारकून ओळखतो, फाईल कुठे थांबते हे कळतं, आणि नोटीस निघाली की पंधरा दिवसांत काय करायचं हेही कळतं.

एका शब्दाची किंमत

मोठ्या मागण्या सोडा असं मी म्हणत नाही. पाच टक्के मागा, जोरात मागा. पण जे हातात आहे ते का सुटतं, तेही बघा. आपल्यातल्या बऱ्याच बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. ७ डिसेंबर १९९४ चा शासन निर्णय त्यासाठी आहे, आणि तो मिळवायला मुस्लिम ओबीसी चळवळीतल्या माणसांनी आयुष्य घातलं. तरी प्रवेशाच्या वेळी पोरं अडतात ती जात पडताळणीत. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि आपल्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहून ठेवलेलं असतं.

माझ्या आजोबांच्या दाखल्यावर तसंच होतं. त्यांच्या सख्ख्या भावाच्या दाखल्यावर 'तांबोळी' सापडलं. तो दाखला शोधायला अब्बा तीन वेळा गावी गेले, जुन्या शाळेच्या पेटाऱ्यातली रजिस्टरं उलटी करत बसले. त्या एका शब्दावर माझी फी निभावली आणि माझी डिग्री झाली. प्रत्येक घरात असा चिवट बाप नसतो. पण प्रत्येक मोहल्ल्यात दहा इंजिनिअर, पाच वकील आणि पन्नास रिकामे रविवार नक्की असतात. दहावीच्या निकालाआधी एक टेबल, चार खुर्च्या, आणि 'तुमच्या वडिलांकडच्या कुणाचा जुना दाखला आहे का' एवढा प्रश्न. एवढ्याने दर वर्षी काही पोरांची फी वाचेल. यासाठी कुठल्याच सरकारची परवानगी लागत नाही.

आता काय

नगरसेवक आले आहेत. त्यांचं पहिलं वर्ष चालू आहे. या वर्षात जो त्यांच्यासमोर उभा राहील तोच त्यांच्या लक्षात राहील. म्हणून ठरवायचंच असेल तर हे ठरवा.

आपल्या प्रभागाचा क्रमांक, चारही नावं आणि क्षेत्रीय कार्यालयाचा पत्ता पाठ करा. अंदाजपत्रकात आपल्या प्रभागासमोर कुठल्या कामाला किती पैसे आहेत, ते वेबसाइटवर शोधा, नाही मिळालं तर माहितीच्या अधिकारात मागा. पुण्यात २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात, पाच लाखांपर्यंतची. अर्ज साधा असतो. तो भरणाऱ्या सोसायट्यांना पदपथ मिळाले, बाकं मिळाली. आपल्या गल्लीतून किती अर्ज गेले, ते विचारा. ज्या शहरात ही सोय नाही तिथे ती मागा.

तीन लाखांहून मोठ्या शहरात प्रभाग समित्या असल्या पाहिजेत, हे घटनेत आहे. आपल्या राज्याच्या कायद्यात या समितीवर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घेता येतात. त्या जागांवर नेहमी कुणाचे कार्यकर्ते बसतात ते पाहा, आणि यावेळी आपल्यातल्या एका ताईचं नाव लेखी सुचवा. नगरसेवकाने मतदारांची क्षेत्र सभा घ्यायची, ही तरतूद २००९ मध्ये कायद्यात आली. बहुतेक शहरांत ती कागदावरच झोपली आहे. चौघांना पत्र द्या: पहिली क्षेत्र सभा कधी? पत्रावर पोहोच घ्या. शेजारच्या गल्लीतल्या कांबळेंची आणि जाधवांची सहीही घ्या, कारण त्यांच्या नळालाही पाणी नाही. हा प्रश्न फक्त आपला करून मांडला की तो हरवायला सोपा जातो.

आणि एक जमातीत. जमाखर्च फलकावर लावा, कमिटीची मुदत ठरवा, दोन तरुण आणि दोन बाया आत घ्या. हेच आधी करा, कारण इथे समोर आपलेच चाचा आहेत. इथे विचारता आलं नाही तर आयुक्तांसमोर काय विचारणार?

त्या रात्री हे सगळं मी भावाला ऐकवलं. तो शांतपणे ऐकत होता. निघताना बूट घालता घालता म्हणाला, "भाई, तुम्ही तुमच्या मशिदीत विचारलंय का हिशेबाचं?"

नव्हतं विचारलं. सात वर्षं मी तिथे नमाज पढतो, चंदा देतो, पावती घडी करून खिशात ठेवतो. ऑफिसात मोठमोठ्या साहेबांसमोर उलटे प्रश्न विचारतो आणि इथे सदर साहेबांसमोर मान खाली घालून सलाम करतो. मी त्याला काही उत्तर दिलं नाही. पुढच्या जुम्म्याला नमाजनंतर थांबलो आणि विचारलं. सदर साहेब थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ईदनंतर बघू.

ईदनंतर मी परत विचारणार आहे. या वेळी अर्ज लिहून नेईन, आणि त्याची पोहोच घेईन.